पहिल्या चाचणीतले ‘सोपे’ प्रश्न आणि त्यांच्यामागचा जुना वाद

रसायनशास्त्राच्या पहिल्या प्रकरणावरची चाचणी कुठेही घ्या, प्रश्न साधारण तेच असतात. द्रव्य म्हणजे काय? मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण यांतला फरक स्पष्ट करा. खालीलपैकी भौतिक बदल कोणता आणि रासायनिक बदल कोणता? सोडिअमची संज्ञा लिहा. वस्तुमान आणि आकारमान दिलं आहे, घनता काढा. विद्यार्थ्यांना हे हक्काचे गुण वाटतात. शिक्षकही ते सुरुवातीला घालतात, मुलांना धीर यावा म्हणून.

पण ज्यांची उत्तरं एका ओळीत मावतात, त्या प्रश्नांवर रसायनशास्त्रज्ञांच्या पिढ्या भांडल्या आहेत. ‘बरोबर उत्तर’ एकदा नव्हे, अनेकदा बदललं आहे. चाचणीच्या कागदावर त्या वादाचा फक्त निकाल उरला, आणि पुराव्यांची सगळी फाईल वर्गाबाहेर राहिली. हे कसं झालं, आणि ती फाईल परत आत आणायचा प्रयत्न कुणी केला, याचा हा मागोवा.

मूलद्रव्याची आज ओळखीची वाटणारी कल्पना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ अँत्वान लव्हाझिएने 1789 साली पाठ्यपुस्तकात मांडली. मूलद्रव्य म्हणजे विश्लेषणाने जिथवर पोचता येतं तो शेवटचा टप्पा. ज्याचे आणखी तुकडे आजवर कुणाला करता आलेले नाहीत, ते तूर्त मूलद्रव्य धरायचं. यातलं ‘तूर्त’ फार महत्त्वाचं आहे. त्याच्या यादीत 33 नावं होती. ऑक्सिजन, हायड्रोजन, गंधक, सोनं, लोह यांच्या जोडीला प्रकाश आणि ‘कॅलोरिक’, म्हणजे उष्णतेचं मानलेलं द्रव्य, हेही होतं. चुना, मॅग्नेशिया, ॲल्युमिना, सिलिका हेसुद्धा त्यात होते. हे पदार्थ पुढे-मागे धातूंची ऑक्साइडं, म्हणजे ऑक्सिजनशी झालेली संयुगं, निघतील असा संशय खुद्द लव्हाझिएला होता, पण ते फोडून दाखवण्याचं साधन तेव्हा कुणाकडे नव्हतं. ते साधन मिळालं विजेच्या रूपाने. हम्फ्री डेव्हीने 1807 साली सोडिअम आणि पोटॅशिअम वेगळे केले, 1808 साली कॅल्शिअम. म्हणजे 1800 साली एखाद्या विद्यार्थ्याने ‘चुना हे मूलद्रव्य आहे’ असं लिहिलं असतं तर त्याला पूर्ण गुण मिळाले असते, आणि त्याच्या धाकट्या भावाने दहा वर्षांनी तेच लिहिलं असतं तर शून्य.

हे फक्त सुरुवातीच्या काळात झालं असं कुणी समजू नये. डिडिमिअम नावाचं ‘मूलद्रव्य’ 1841 साली कार्ल मोसांडरने जाहीर केलं. ते पुस्तकांत छापलं गेलं, त्याला संज्ञा मिळाली, मेंडेलीव्हच्या 1869 सालच्या आवर्तसारणीतही जागा मिळाली. मग 1885 साली कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने त्यातून प्रासिओडिमिअम आणि निओडिमिअम अशी दोन मूलद्रव्यं वेगळी करून दाखवली. चाळीसहून जास्त वर्षं विद्यार्थी एका मिश्रणाची संज्ञा पाठ करत होते.

संयुग आणि मिश्रण यांतला फरकही असाच झगडून मिळालेला आहे. फ्रान्समध्ये क्लोद बर्तोले म्हणत होता की दोन पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणांत एकत्र येऊन संयुगं करू शकतात. जोसेफ प्रूस्त म्हणत होता की संयुगातलं प्रमाण ठरलेलं असतं. प्रूस्तने खाणीतलं कॉपर कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत तयार केलेलं कॉपर कार्बोनेट तपासलं. दोन्हींतल्या घटकांचं प्रमाण एकच निघालं. बर्तोलेने पुढे केलेली अनेक उदाहरणं प्रत्यक्षात मिश्रणं होती, हे त्याने दाखवून दिलं. तराजूवर लढला गेलेला हा वाद प्रूस्तच्या बाजूने झुकला, आणि 1808 साली जॉन डाल्टनच्या अणुसिद्धांताने त्याला आधार दिला.

या फरकाचं आज सगळीकडे दाखवलं जाणारं प्रात्यक्षिक म्हणजे लोहकीस आणि गंधकाची पूड. दोन्ही नुसती एकत्र केली तर चुंबक लोहकीस सहज उचलून घेतो. हे मिश्रण. मग परीक्षानळीत ते तापवायचं. एका ठिकाणी लाल निखारा दिसला की ज्योत बाजूला केली तरी तो आपोआप पुढे सरकत जातो, कारण अभिक्रियेतूनच उष्णता बाहेर पडते. गार झाल्यावर उरतो काळपट, ठिसूळ गोळा. हे आयर्न सल्फाइड. ‘आता चुंबक काम करत नाही’ असं पुस्तक सांगतं, तरी हा गोळा कधी कधी चुंबकाकडे किंचित ओढला जातो. काही वेळा थोडं लोह तसंच उरलेलं असतं. शिवाय आयर्न सल्फाइड निसर्गात लोह जरा कमी असलेल्या रूपातही सापडतं, त्यात प्रमाण थोडं मागेपुढे होतं, आणि त्यातला एक प्रकार चुंबकीयही असतो. म्हणजे ठरलेल्या प्रमाणाचा नियम शिकवायला जे संयुग निवडलं, त्यानेच बर्तोलेची बाजू थोडीशी राखली आहे! हे पहिल्या चाचणीत विचारावं असं मी म्हणणार नाही. पण गोळा हलला म्हणून एखाद्या मुलीने शंका काढली, तर तिला गप्प बसवू नये इतकं तरी शिकवणाऱ्याला ठाऊक हवं.

हे वाद चालू असतानाच रसायनशास्त्र वर्गात शिरत होतं, आणि शिरलं ते प्रश्नोत्तरांच्या रूपात. सॅम्युअल पार्क्सचं 1806 सालचं इंग्रजी पुस्तक धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीसारखं बेतलेलं होतं: प्रश्न, त्याचं ठरलेलं उत्तर, पुढचा प्रश्न. उत्तर तोंडपाठ आलं की विषय आला, ही समजूत तिथपासून घट्ट आहे. जेन मार्सेटने त्याच सुमारास संवादरूपाने लिहिलेलं पुस्तक बरंच मोकळं होतं. त्यातल्या विद्यार्थिनी शंका विचारतात, हरकत घेतात. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मायकल फॅरडेला रसायनशास्त्राची गोडी त्याच पुस्तकाने लावली. परीक्षांनी मात्र संवाद उचलला नाही, प्रश्नोत्तरी उचलली.

दुसरी वाट प्रयोगशाळेतून निघाली. युस्टुस फॉन लीबिगने 1824 पासून जर्मनीतल्या गीसनमध्ये विद्यार्थ्यांना स्वतः विश्लेषण करायला लावलं. रेमिगिउस फ्रेझेनिउसने 1841 साली गुणात्मक विश्लेषणाची पद्धतशीर पुस्तिका काढली, आणि ‘दिलेल्या अज्ञात क्षारातील घटक ओळखा’ ही प्रात्यक्षिक परीक्षा पुढे शंभराहून अधिक वर्षं जगभर टिकली. तिच्यात पाठांतर शिरलंच, वासावरून आणि रंगावरून क्षार ताडण्याच्या युक्त्याही आल्या. तरी निदान एक गोष्ट तिथे सुटत नसे: निष्कर्षाआधी निरीक्षण लिहावं लागे.

लेखी परीक्षेची तेव्हा वेगळीच पंचाईत होती. सर्वमान्य सूत्रंच नव्हती. डाल्टनने पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकास एक धरले होते. इतरांनी दोनास एक धरले. ऑगस्ट केकुलेने 1861 सालच्या आपल्या पुस्तकात ॲसिटिक आम्लासाठी वापरात असलेली 19 वेगवेगळी सूत्रं छापून दाखवली. हा गोंधळ मिटवायला सप्टेंबर 1860 मध्ये कार्लस्रूह इथे परिषद भरली. तिथे सर्वांत जास्त परिणाम केला तो स्टानिस्लाओ कॅनिझारोच्या पुस्तिकेने. अणुवस्तुमानं आणि रेणुवस्तुमानं सुसंगतपणे कशी ठरवायची हे तिच्यात होतं, आणि ती मुळात जिनोआतल्या त्याच्या अध्यापनाची रूपरेषा होती. परिषदेला हजर असलेल्या दिमित्री मेंडेलीव्हने पुढे सेंट पीटर्सबर्गच्या विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. तेव्हा माहीत असलेली 63 मूलद्रव्यं कोणत्या क्रमाने शिकवायची, या अडचणीशी झुंजताना 1869 साली आवर्तसारणी आकाराला आली. या विषयातल्या दोन मोठ्या पायऱ्या शिकवण्याच्या गरजेतून घडल्या, याचं मला फार मोल वाटतं.

विसाव्या शतकात परीक्षा मोठ्या झाल्या. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठीची सामाईक परीक्षा 1901 साली सुरू झाली, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या विषयांत रसायनशास्त्र होतं. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीसाठी बहुपर्यायी चाचण्या घेतल्या गेल्या, आणि तो साचा पुढे शाळांत उतरला. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या प्रमाणित परीक्षा 1930च्या दशकात सुरू झाल्या. त्याच दशकाच्या अखेरीस उत्तरपत्रिका तपासणारं आयबीएमचं यंत्र बाजारात आलं. त्यामागची कल्पना रेनॉल्ड जॉन्सन या मिशिगनमधल्या शाळाशिक्षकाची. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, आणि ग्रॅफाइट वीजवाहक. विद्यार्थ्याने भरलेल्या खुणेतून वीज वाहते की नाही यावरून यंत्र उत्तर ओळखे. ‘वीज वाहून नेणारा अधातू कोणता?’ या प्रश्नाचं उत्तर ज्या कागदावर लिहायचं, तो कागद त्याच गुणधर्मावर तपासला जाई. वेग प्रचंड वाढला. पण यंत्राला खूण कळे, त्या खुणेमागचं कारण कळत नसे, आणि प्रश्नही यंत्राला झेपतील असेच तयार होऊ लागले.

मूलद्रव्याची व्याख्या याच काळात पुन्हा बदलली. हेन्री मोझलीने 1913 साली क्ष-किरणांच्या आधारे अणुअंकाला, म्हणजे आज आपण ज्याला अणुकेंद्रातल्या प्रोटॉनांची संख्या म्हणतो त्याला, भक्कम अर्थ दिला. त्याच वर्षी फ्रेडरिक सॉडीने समस्थानिकांची कल्पना मांडली. एकाच मूलद्रव्याचे अणू वेगवेगळ्या वस्तुमानाचे असू शकतात म्हटल्यावर ओळख वस्तुमानावरून हलून अणुअंकावर आली. पाठ्यपुस्तकांत मात्र जुनी आणि नवी व्याख्या आजही शेजारी शेजारी नांदतात.

मग 1970च्या दशकात काही अभ्यासकांनी मुलांना खुणा करायला न लावता बोलायला आणि चित्र काढायला लावलं. इस्रायलमध्ये जोसेफ नुसबॉम आणि शिमशोन नोव्हिक यांनी 1978 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रश्न असा होता: चंबूतली थोडी हवा पंपाने काढून घेतली, सगळं दिसू शकेल असा चष्मा असता, तर आधी आणि नंतर आत काय दिसलं असतं? उरलेली हवा अनेकांनी चंबूच्या एका भागात गोळा करून दाखवली. ज्यांनी कण काढले त्यांतल्याही बऱ्याच जणांना कणांच्या मधे ‘काहीच नाही’ हे पटत नव्हतं. न्यूझीलंडमधल्या मुलांना उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यांत काय असतं असं विचारलं, तेव्हा हवा, उष्णता, हायड्रोजन आणि ऑक्सिजन अशी उत्तरं आली. तांब्याच्या तारेतल्या एकट्या अणूचे गुणधर्म 1986 सालच्या एका अभ्यासात विचारले होते. जवळपास निम्म्या मुलांनी संपूर्ण तारेचे गुणधर्म त्या एका अणूला चिकटवले. याच मुलांना ‘तांबं वर्धनीय (ठोकून पत्रा करता येण्याजोगं) आहे, चूक की बरोबर?’ एवढंच विचारलं असतं तर बहुतेकांनी गुण घेतले असते, आणि डोक्यातली गडबड कुणाला दिसली नसती.

सुसान नुरेनबर्न आणि माइल्स पिकरिंग यांनी 1987 साली हेच महाविद्यालयात दाखवलं. वायूंच्या नियमांवरची गणितं नीट सोडवणारे विद्यार्थी, टाकीतला वायू थंड केल्यावर त्याचे कण कसे पसरलेले असतील याचं चित्र निवडताना गडबडत होते.

या सगळ्यांतला मला सर्वांत आवडता प्रश्न 2002 सालच्या एका संकल्पना-चाचणीतला आहे. नळीत 1 ग्रॅम घन आयोडीन घातलं, हवा काढून नळी बंद केली, एकूण वजन 27 ग्रॅम भरलं. नळी तापवली, सगळं आयोडीन वायू होऊन नळी भरून गेली. आता वजन किती? आकडेमोड काहीच नाही, पाठ करण्यासारखं काही नाही. तरीही 27 सोडून दुसरे आकडे निवडले जातात, कारण वायू म्हणजे हलका, किंवा वजनच नसलेला, ही समजूत मनातून सहजी जात नाही.

या प्रश्नाचा पूर्वज सतराव्या शतकात आहे. रॉबर्ट बॉइलने बंद भांड्यात धातू तापवला, पण भांडं उघडून मग वजन केलं. वजन वाढलेलं दिसलं तेव्हा आगीचे कण काचेतून आत शिरले असा निष्कर्ष त्याने काढला. लव्हाझिएने 1774 साली कथिल तापवलं आणि भांडं उघडण्याआधी वजन केलं. काही फरक नव्हता. उघडल्यावर हवा आत शिरली तेव्हा वजन वाढलं. बॉइलसारख्या माणसाला जिथे चकवा बसला, तिथे बारा-तेरा वर्षांचं मूल अडखळलं तर त्याला मठ्ठ ठरवणं हा सरळ अन्याय आहे.

चाचण्यांत द्विस्तरीय प्रश्नही रुळले. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड ट्रेगस्टने 1988 साली त्यांची बांधणी सविस्तर मांडली. पहिल्या भागात उत्तर निवडायचं, दुसऱ्या भागात त्याचं कारण; कारण चुकलं तर पहिल्या भागातल्या बरोबर उत्तराने काम भागत नाही. दुसऱ्या भागातले पर्याय मुलाखतींमध्ये मुलांनी स्वतः दिलेल्या कारणांवरून बेतलेले असतात. त्यामुळे चुकीचा पर्यायसुद्धा कुणाच्या तरी मनात खरोखर असलेला विचार असतो.

मीठ पाण्यात विरघळणं हा भौतिक बदल की रासायनिक, हा प्रश्न अजूनही चाचण्यांत येतो आणि उत्तरसूचीत बहुधा ‘भौतिक’ असं छापलेलं असतं. पाणी आटवलं की मीठ परत मिळतं, हा त्या बाजूचा पुरावा. स्फटिकातले आयन (विद्युतभारित कण) सुटे होऊन पाण्याच्या रेणूंनी वेढले जातात, द्रावणातून वीज वाहू लागते, हा दुसऱ्या बाजूचा. एका शब्दात उत्तर मागितलं तर दोन्ही पुरावे वाया जातात. ‘तुम्ही काय म्हणाल आणि कशावरून?’ असं विचारून कोणत्याही बाजूच्या नेमक्या पुराव्याला गुण दिले, तर हाच प्रश्न पहिल्या चाचणीत ठेवण्याजोगा आहे.