शैक्षणिक मार्गदर्शन : नागपुरातील पदवी विद्यार्थ्यांचे

शैक्षणिक मार्गदर्शन (पदवी स्तर) : पदवीच्या विद्यार्थ्याने कोणते विषय घ्यावेत, राहिलेला पेपर केव्हा आणि कसा काढावा, तीन वर्षांवर थांबावे की चौथे करावे, हे ठरवायला त्याला मदत करणारी महाविद्यालयीन व्यवस्था. विद्यार्थ्याची परिस्थिती आणि विद्यापीठाचे नियम अशा दोन्ही गोष्टी समोर ठेवून हे काम करावे लागते. नागपूरच्या महाविद्यालयांत ते करणारा शिक्षक बहुधा ‘मेंटॉर’ किंवा ‘शिक्षक-पालक’ म्हणून ओळखला जातो. व्हीएनआयटीसारख्या (विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) तांत्रिक संस्थेत त्याला ‘फॅकल्टी ॲडव्हायझर’ म्हणतात. शिकवणी वर्ग आणि बारावीनंतरचे करिअर समुपदेशन यांच्याशी या कामाची नेहमी गल्लत होते. शिकवणीत विषय समजावतात आणि समुपदेशनात कल पाहतात. मेंटॉरने पाहायचा असतो तो सहा किंवा आठ सत्रांचा सगळा हिशेब.

उगम. सल्लागाराची गरज निवडीच्या स्वातंत्र्यातून निर्माण झाली. सगळ्यांना एकच ठरलेला अभ्यासक्रम होता तोवर विचारायचे काही नव्हते. अमेरिकेत चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ऐच्छिक विषयांची पद्धत रुजवली. विषय निवडायचे म्हटल्यावर विद्यार्थी गोंधळू लागले, आणि १८८९ मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी तिथे सल्लागार मंडळ नेमावे लागले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्याआधीच, १८७० च्या दशकात, प्राध्यापकांवर हे काम सोपवले होते.

या कामाचा शास्त्र म्हणून विचार सुरू झाला तो १९७२ मध्ये. अमेरिकन अभ्यासक बर्न्स क्रुकस्टन यांनी सल्ल्याचे दोन प्रकार सांगितले. पहिल्यात सल्लागार डॉक्टरने औषध लिहून द्यावे तसे विषय सांगतो. दुसऱ्यात तो आणि विद्यार्थी मिळून विचार करतात, आणि हा विचार शिकवण्याचाच भाग ठरतो. तिथलेच टेरी ओ’बॅनियन यांनी त्याच वर्षी सल्ल्याच्या पायऱ्या मांडल्या : आधी आयुष्यात काय करायचे, मग कोणता व्यवसाय, मग कोणती पदवी, मग कोणते विषय आणि सर्वांत शेवटी वेळापत्रक. नागपुरात हा क्रम अनेकदा उलटा लागतो. काटोलची किंवा रामटेकची बस किती वाजता आहे यावरून तासिका ठरतात, तासिकांवरून विषय, आणि पुढे काय करायचे हा प्रश्न शेवटच्या सत्रात येतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडलेला सिद्धांतही इथे लागू पडतो. विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतो, याचे उत्तर त्यांनी नुसत्या गुणांत शोधले नाही. महाविद्यालयात आपले कुणी आहे असे त्याला वाटते की नाही, हेही त्यांनी पाहिले.

नागपूरची पार्श्वभूमी. हिस्लॉप महाविद्यालय १८८३ चे, मॉरिस महाविद्यालय १८८५ चे. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले; त्यापूर्वी इथल्या महाविद्यालयांची संलग्नता आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी होती. अभ्यासक्रम दूरवर ठरायचा आणि इथे शिकवला जायचा. स्वतःचे विद्यापीठ आल्यावरही विद्यार्थ्याच्या हाती निवड थोडीच राहिली. बी.एस्सी.ला पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) किंवा सीबीझेडसारखा (रसायन, वनस्पती, प्राणिशास्त्र) गट, बी.ए.ला तीन ऐच्छिक विषय. एकदा प्रवेश अर्ज भरला की तीन वर्षांचा रस्ता ठरून जायचा. त्यामुळे मार्गदर्शन म्हणजे प्रवेशाच्या दिवशी काउंटरवर बसलेल्या बाबूंनी किंवा गावातल्या आधी शिकून गेलेल्या दादाने दिलेला सल्ला. तो सल्ला प्रेमाचा असे. पण तो त्या दादाच्या वेळच्या नियमांवर उभा असे.

श्रेयांकांचे गणित. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी मंजूर झाले. महाराष्ट्रात ते २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रातील नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चारही जिल्हे त्यात आले. आता पहिल्या वर्षाच्या मुलासमोर मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्याधारित विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, प्रत्यक्ष कामाचा अनुभव असे रकाने येतात. प्रत्येक विषयाला तासांच्या हिशेबाने श्रेयांक (क्रेडिट) असतात. तासिकेच्या विषयात एक श्रेयांक म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकात ३० तास. वर्षाला ४० ते ४४ श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडले तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका.

खुला ऐच्छिक विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरून घ्यावा लागतो. वाणिज्यची मुलगी इतिहास घेऊ शकते, रसायनशास्त्राचा मुलगा मराठी साहित्य. कल्पना सुंदर आहे. पण महाविद्यालयात शिक्षक आणि खोल्या जितक्या, पर्यायही तितकेच. मैत्रिणीने घेतला म्हणून घेतलेला विषय चौथ्या सत्रात अंगावर येतो. मेंटॉरने इथे दोन साधे प्रश्न विचारले तरी पुष्कळ साधते : हा विषय तुला पुढे कशाला लागणार, आणि शिकवणारे कोण आहेत ते पाहिलेस का?

चौथ्या वर्षाचा निर्णय तर सल्ल्याशिवाय घेऊच नये असा. संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचे होते. ७५ टक्क्यांची अट पाचव्या सत्रात कळून काय उपयोग? ती पहिल्या सत्रात सांगितली तरच मुलाला तिची तयारी करता येते. ‘मध्येच सोडता येते’ या सोयीचेही तसेच. परत यायला मुदत तीन वर्षांची आणि पदवी पूर्ण करायला एकूण सात वर्षांची, हे सोडून जाणाऱ्याला माहीत असायला हवे. जमवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) राहतात आणि त्यासाठी डिजिलॉकरवरून खाते काढावे लागते. खाते नसेल किंवा त्यावरचे नाव गुणपत्रिकेशी जुळत नसेल, तर खरी अडचण परत येताना उभी राहते.

एटीकेटी आणि शिष्यवृत्ती. काही पेपर राहूनही पुढच्या वर्गात जाऊ देणारी सवलत म्हणजे एटीकेटी. नागपूर विद्यापीठाच्या परीक्षा ‘हिवाळी’ आणि ‘उन्हाळी’ म्हणून ओळखल्या जातात. हिवाळीचा निकाल लागला की मेंटॉरकडची गर्दी वाढते. ‘पेपर राहिला, सर’ एवढेच बोलून मुलगा गप्प उभा असतो. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी की थेट पुनर्मूल्यांकनाला जावे, की दोन्ही सोडून पुढच्या परीक्षेची तयारी करावी. राहिलेले विषय आणि चालू सत्राचे विषय एकत्र पेलतील का. पुढच्या वर्षात जाण्यासाठी किती विषय सुटायला हवेत, हे कागदावर मांडून दाखवले की त्याची भीती बरीच ओसरते. नियम अभ्यासक्रमागणिक वेगळे असल्याने मित्राचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही.

अनुत्तीर्ण होण्याची दुसरी झळ शिष्यवृत्तीला बसते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती दरवर्षी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर नूतनीकरण करावी लागते, आणि विद्यार्थी पुढच्या वर्गात गेला नाही तर ती अडते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. शहरात खोली करून राहणाऱ्या मुलाचे घरभाडे आणि मेस या पैशावर चालते. म्हणून एक राहिलेला पेपर हा काही घरांत महिन्याच्या खर्चाचाही प्रश्न असतो. गुणपत्रिका पाहताना हे ज्याच्या ध्यानात येते तो खरा मेंटॉर.

भाषा आणि घर. परिपत्रके बहुतांशी इंग्रजीत निघतात. वर्गात मराठी आणि नागपुरी हिंदी मिसळून चालतात. भंडारा-गोंदियाकडून आलेल्या मुलाच्या घरी झाडीबोली, एखाद्याच्या घरी गोंडी. ‘क्रेडिट’, ‘मायनर’, ‘इलेक्टिव्ह’ हे शब्द त्याने घरी कधी ऐकलेले नसतात. घरातला पहिलाच पदवीधर होऊ पाहणारा विद्यार्थी प्रश्न विचारत नाही. कारण विचारले तर आपल्याला येत नाही हे कळेल, असे त्याला वाटते. ज्याच्या घरी प्राध्यापक काका आहेत त्याला ही व्यवस्था नसली तरी चालते. जिच्या आईवडिलांनी महाविद्यालयाचे फाटक पाहिलेले नाही तिला मेंटॉरशिवाय दुसरा आधार नाही. म्हणून येईल त्याला सांगू, असे म्हणून भागत नाही. न येणाऱ्याला नाव घेऊन बोलवावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांतही नव्या विद्यार्थ्यांचे छोटे गट करून प्रत्येक गट एका शिक्षकाकडे सोपवावा आणि त्याने प्रत्येकाशी स्वतंत्र बोलावे असे सांगितलेले आहे.

वेळ. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. पदवी स्तरावर रोज दोन तास विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनासाठी, एका शिक्षकामागे किमान १५ विद्यार्थी, अशीही तरतूद त्यात आहे. कागदावर हे पुरेसे आहे. प्रत्यक्षात अनेक विभाग तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर चालतात. त्यांना मानधन घेतलेल्या तासिकेचे मिळते. मुलाशी बोलण्यात गेलेल्या तासाचे मिळत नाही. शिवाय वर्ष संपले की त्यांची नेमणूकही संपते, आणि ज्या मुलीने पहिल्या वर्षी मोठ्या मुश्किलीने घरची गोष्ट सांगितली तिला दुसऱ्या वर्षी नव्या माणसाला ती पुन्हा सांगावी लागते. हा दोष व्यवस्थेचा आहे, आणि रिक्त पदे भरल्याशिवाय तो जाणार नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेने आपल्या मूल्यांकनात मेंटॉर आणि विद्यार्थी यांचे प्रमाण विचारायला सुरुवात केल्यापासून मेंटॉर डायऱ्या नीट भरल्या जाऊ लागल्या, ही जमेची बाजू. डायरीत भेटीची तारीख आणि सही असते. भेटीत काय ठरले आणि ते पुढे झाले का, हाही एक रकाना असेल तर मेंटॉर बदलला तरी धागा तुटत नाही.

मर्यादा. मेंटॉर हा मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. झोप उडालेली, जेवण सुटलेले, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे आले, तर विषयांची चर्चा बाजूला ठेवून विद्यार्थ्याला एकटे न सोडता समुपदेशकापर्यंत किंवा डॉक्टरपर्यंत सोबत न्यावे लागते. टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.