हप्त्याच्या बैठकीतला जादा तास

गरीब बाईच्या हाती स्वतःची कमाई आली, तर घरातली मारहाण थांबते का? की नवऱ्याचा अहंकार दुखावून उलट वाढते? यावर वाद घालणारे पुष्कळ. दक्षिण आफ्रिकेतल्या काही संशोधकांनी मात्र ते मोजून पाहायचं ठरवलं.

लिंपोपो प्रांतातल्या सेखुखुनेलँड भागात 2001 साली हा प्रयोग सुरू झाला. नाव 'इमेज'. आठ गावांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एका गावात कार्यक्रम आधी सुरू केला. कोणतं गाव, हे नशिबावर सोडलं होतं, म्हणजे निवडीत कुणाचा कल यायला नको. कर्ज 'स्मॉल एंटरप्राइज फाउंडेशन' या संस्थेचं, पद्धत बांगलादेशच्या ग्रामीण बँकेची: तारण नाही, पाच जणींचा गट, एकीचा हप्ता थकला तर बाकीच्या चौघींनी भरायचा. आपल्या बचत गटात आधी बचत आणि मग बँकेचं कर्ज येतं. इथे कर्जापासूनच सुरुवात. त्यावर कुणी भाजी-फळं विकू लागलं, कुणी जुने कपडे, कुणी शिवणकाम.

साधारण चाळीस जणी दर पंधरा दिवसांनी हप्ते भरायला जमत. खरी हुशारी इथे आहे. गावात 'महिलांसाठी व्याख्यान' ठेवलं तर दिवसभर राबलेली बाई येईल कशाला? हप्त्याला मात्र यावंच लागतं. म्हणून त्याच बैठकीला तासाभराचं एक सत्र जोडलं. अशी दहा सत्रं. विषय साधे नव्हते: बाईची कामं कोणती आणि ती कुणी ठरवली, परंपरा काय सांगते, नवऱ्याशी बोलायचं कसं, मारहाण, एचआयव्ही. पुढच्या टप्प्यात बायकांनी आपल्यातूनच पुढारी निवडल्या. मग गावात सभा झाल्या, मोर्चे निघाले, गुन्हे आणि बलात्कारांविरुद्ध समित्या उभ्या राहिल्या.

2006 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. आदल्या वर्षभरात जोडीदाराकडून हिंसा सोसल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा 55 टक्क्यांनी कमी होतं. आकडा मोठा आहे, पण गावं आठच. त्यामुळे खरी घट 9 ते 77 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. शिवाय सगळं बायकांच्या सांगण्यावर. तरी अशा सत्रांत शिकलेली बाई मारहाण लपवण्यापेक्षा उघड बोलण्याचीच शक्यता जास्त, म्हणून मला हा निकाल पोकळ वाटत नाही.

पण श्रेय कुणाचं, पैशाचं की सत्रांतल्या शिक्षणाचं? त्यासाठी पुढे नुसतं कर्ज मिळालेली गावंही तुलनेत घेतली. तिथे घरची आर्थिक स्थिती सुधारली. मारहाणीत आणि बाईच्या घरातल्या वजनात मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. हैदराबादच्या वस्त्यांत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म कर्जाचा अभ्यास केला, त्यातही नुसत्या कर्जाने बायकांचं सबलीकरण झाल्याचं आढळलं नाही.

एचआयव्हीचं काय? गावातल्या तरुणांमधली नवी लागण कमी झाली नाही. यात फारसं नवल नाही. कर्जदार बहुतेक प्रौढ बायका, लागणीचा धोका तरुणांना, आणि आईने बैठकीत ऐकलेलं दोन-तीन वर्षांत गावभरच्या पोरांच्या वागण्यात उतरेल ही अपेक्षाच मोठी होती. कर्ज घेणाऱ्या तरुण बायकांत मात्र एचआयव्ही तपासणी वाढली आणि असुरक्षित संबंध कमी झाले, असं 2008 मध्ये दिसलं.