मोकळं तांबं किती?

दोन चंचुपात्रं घ्या. दोन्हींत सारखंच पाणी आणि सारखंच कॉपर सल्फेट, तेही इतकं थोडं की निळेपणा डोळ्याला जाणवू नये. आता एका पात्रात ईडीटीएचं द्रावण टाका. हा रेणू धातूच्या आयनाला सगळीकडून कवटाळून बसतो. पाणी दिसायला तसंच राहतं आणि तांबंही तेवढंच असतं. एकूण धातू मोजणाऱ्या उपकरणाला दोन्ही नमुने दिले, तर ते एकच आकडा सांगेल. पण तांब्याचा आयन-निवडक इलेक्ट्रोड, म्हणजे तांब्याच्या आयनांनुसार विद्युतदाब दाखवणारी कांडी, पहिल्या पात्रातून काढून, धुऊन दुसऱ्यात बुडवा. मीटरवरचा आकडा घसरू लागतो आणि काही मिनिटांत दोनशे मिलिव्होल्टहून जास्त खाली जातो. या इलेक्ट्रोडच्या लेखी दुसऱ्या पात्रातलं तांबं कोट्यवधी पटींनी कमी झालेलं असतं.

त्याची काही चूक नाही. त्याला दिसतात फक्त मोकळे, म्हणजे कुठल्या रेणूने धरून न ठेवलेले आयन, आणि माझ्या मते त्याचं खरं मोल यातच आहे.

इलेक्ट्रोड दिसायला अगदी साधा असतो. पेनाएवढी नळी आणि तिच्या टोकाला काळसर, चकचकीत चकती. ही चकती म्हणजे सिल्व्हर सल्फाइड आणि कॉपर सल्फाइड यांची पूड प्रचंड दाबाखाली एकजीव करून केलेली गोळी. तांबं या चकतीतून आरपार जात असेल असं वाटतं, पण तसं होत नाही. चकतीच्या आत विद्युतभार वाहून नेतात ते चांदीचे आयन. पाण्यात मोकळं तांबं वाढलं की चकतीच्या पृष्ठभागालगतचे मोकळे सल्फाइड आयन कमी होतात. ते कमी झाले की तिथल्या चांदीच्या आयनांचं प्रमाण वाढतं आणि त्यासोबत विद्युतदाब बदलतो. म्हणजे तांब्याची खबर चांदी देते. शेजारी एक संदर्भ इलेक्ट्रोड असतो. त्याचा दाब स्थिर राहतो, म्हणून दोघांमधला फरक मोजता येतो.

हा फरक किती असावा, याचं गणित जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलं होतं. तांब्याच्या आयनावर दोन धन प्रभार असतात. त्यामुळे २५ अंश सेल्सिअसला संहती, म्हणजे द्रावणातलं प्रमाण, दहा पटींनी बदलली की दाब सुमारे २९.६ मिलिव्होल्टने बदलतो. या दहाच्या पटींमुळे एकाच इलेक्ट्रोडने फार मोठा पल्ला मोजता येतो. त्याची किंमतही मोजावी लागते: वाचनात एका मिलिव्होल्टची चूक झाली, तर संहतीत जवळपास आठ टक्क्यांची चूक होते. म्हणूनच रोज ज्ञात संहतीची द्रावणं घेऊन अंशांकन करायचं, तापमान आणि ढवळण्याचा वेग सारखा ठेवायचा, चकती मंदावली की बारीक पॉलिश पेपरवर घासून पुन्हा चकचकीत करायची. हा सगळा खटाटोप टाळणाऱ्याला हे तंत्र दगा देतं.

‘निवडक’ या शब्दाचा अर्थही सांभाळून घ्यायला हवा. कॉपर सल्फाइडच्या जागी लेड सल्फाइड घातलं की शिशाचा इलेक्ट्रोड होतो, कॅडमियम सल्फाइड घातलं की कॅडमियमचा. पण पाण्यात पारा किंवा चांदी असेल, तर ती या तिन्ही चकत्यांचा पृष्ठभाग बिघडवते, कारण त्यांची सल्फाइडं आणखी अविद्राव्य असतात. शिशाच्या इलेक्ट्रोडला तर तांबंही चालत नाही.

दुसरी मोठी अडचण होती फार कमी संहतीची. पिण्याच्या पाण्यातल्या तांब्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे, शिशासाठी फक्त ०.०१ मिलिग्रॅम. शिशासाठी प्लॅस्टिकच्या पातळ पटलाचे इलेक्ट्रोडही बनवतात, पण इतक्या कमी शिशापर्यंत ते पोहोचत नसत. १९९७ मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या एर्नो प्रेच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष इलेक्ट्रोडच्या पोटातच होता. आतल्या द्रावणातलं शिसं पटलातून कणाकणाने बाहेर झिरपत होतं आणि पाणी कितीही स्वच्छ असलं तरी इलेक्ट्रोड स्वतःच सांडलेलं शिसं मोजत होता. त्यांनी आतल्या द्रावणात ईडीटीए घालून मोकळं शिसं अगदी नगण्य केलं. गळती थांबली आणि मोजण्याची मर्यादा एकदम लाखो पटींनी खाली उतरली. ज्या ईडीटीएने आपल्या दुसऱ्या पात्रातलं तांबं लपवलं, त्यानेच इथे इलेक्ट्रोडची नजर साफ केली. मला हा शोध फार आवडतो, कारण त्यासाठी नवं काही बसवावं लागलं नाही, आधीच असलेली गळती ओळखावी लागली.

आता मोकळ्या आयनांचं महत्त्व. १९७६ मध्ये विल्यम सुंडा आणि रॉबर्ट गिलार्ड यांनी सूक्ष्म शैवालांवर प्रयोग करून दाखवलं की शैवालाला होणारी बाधा पाण्यातल्या एकूण तांब्यावर नाही, तर मोकळ्या तांब्याच्या आयनांवर ठरते. माशांच्या कल्ल्यांवर जाऊन बसणारं आणि त्यांचं सोडियम शोषणं बिघडवणारं तांबंही मुख्यतः हेच. पानं-मुळं कुजून पाण्यात उतरलेली ह्यूमिक द्रव्यं तांब्याला धरून ठेवतात. त्यामुळे एकूण तांबं सारखंच असलेल्या दोन तळ्यांपैकी एकात मासे सुखात राहतात आणि दुसऱ्यात तडफडतात. एकूण आकडा हा फरक दाखवत नाही.

म्हणून नमुना घेताना एक गोष्ट विसरून चालत नाही. एकूण धातू मोजायचा असेल, तर बाटलीत नायट्रिक आम्ल घालतात, म्हणजे धातू काचेला किंवा प्लॅस्टिकला चिकटत नाही. इलेक्ट्रोडसाठी मात्र आम्ल न घातलेली वेगळी बाटली भरायची आणि शक्यतो तिथल्या तिथे मोजायचं. आम्ल पडलं की ह्यूमिक द्रव्यांची पकड सुटते, आणि इलेक्ट्रोड असं तांबं मोजून दाखवतो ज्याच्याशी त्या तळ्यातल्या माशाची कधी गाठच पडली नव्हती.