समुद्रपक्षी आणि माणूस

कुरव, सुरय, पाणकावळे, अल्बाट्रॉस, पेंग्विन असे समुद्रावर पोट भरणारे पक्षी आणि त्याच पाण्यात मासेमारी करणारा माणूस यांच्यातील संबंध. दोघांचाही डोळा बहुधा त्याच माशांवर असतो. सोबत आणि हानी दोन्ही त्यातूनच येतात.

ट्यूनासारखे मोठे मासे लहान माशांना खालून वर रेटतात, तेव्हा त्यांवर पक्ष्यांची झुंबड उडते. ती दुरून हेरून होडी वळवणे ही मच्छीमारांची जुनी रीत. आता मोठ्या बोटी असे थवे रडारवर शोधतात. उलट पक्षीही बोटींचा माग काढतात, कारण टाकून दिलेले मासे आणि आतडी तिथे आयती मिळतात.

हीच सवय त्यांच्या जिवावर बेतते. काही बोटी कित्येक किलोमीटर लांबीच्या दोराला हजारो गळ लावून सोडतात. आमिष बुडण्याआधी पक्षी झेप घेतो, गळात अडकतो आणि दोराबरोबर खाली ओढला जाऊन बुडतो. अल्बाट्रॉस एका विणीत एकच अंडे घालतो, त्यामुळे मेलेल्या प्रौढ पक्ष्याची भरपाई व्हायला वर्षे लागतात. उपाय मात्र साधे आहेत : दोर रात्री सोडणे, त्याला वजने बांधणे, बोटीमागे फडफडणाऱ्या पट्ट्यांची दोरी ताणणे. नामिबियाने २०१५ मध्ये असे नियम सक्तीचे केले आणि तिथल्या गळांच्या मासेमारीत मरणारे पक्षी सुमारे ९८ टक्क्यांनी घटले. इतक्या स्वस्तात इतके जीव वाचत असताना हे नियम सर्वत्र नसावेत, ही खेदाची गोष्ट आहे. पाण्यात उभ्या सोडलेल्या नायलॉन जाळ्यांत बुडणाऱ्या पक्ष्यांसाठी इतका खात्रीचा तोडगा अजून नाही.

मांस, अंडी आणि पिसांसाठीही पक्षी मारले गेले. ग्रेट ऑक या न उडणाऱ्या, आता नामशेष झालेल्या समुद्रपक्ष्याची अखेरची ज्ञात जोडी १८४४ मध्ये आइसलँडजवळच्या एल्डे बेटावर मारली गेली.

पेरूच्या बेटांवर साठलेली पक्ष्यांची विष्ठा, म्हणजे ग्वानो, एकोणिसाव्या शतकात खत म्हणून युरोपात जाऊ लागली. ती खणण्यासाठी चिनी वेठमजूर राबवले गेले. साठे संपत आल्यावर १९०९ मध्ये पेरूने सरकारी व्यवस्था उभारून पक्ष्यांना संरक्षण दिले, ते वाढलेही. पुढे मत्स्यचूर्णासाठी या पक्ष्यांचे मुख्य खाद्य असलेला अँकोव्हेटा मासा बेसुमार पकडला गेला, त्यात समुद्राचे पाणी तापवणाऱ्या एल निन्योची भर पडली आणि पक्ष्यांची संख्या कोसळली.

दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकी पेंग्विनवर हीच वेळ आली आहे. तिथे २०२५ मध्ये न्यायालयात झालेल्या तडजोडीनुसार पेंग्विनच्या सहा वसाहतींभोवती सार्डीन आणि अँकोव्हीची व्यापारी मासेमारी दहा वर्षांसाठी बंद करण्यात आली.