पोटाला आधार देणारा केक

माझी मुलगी नववीत आहे. साडेपाचला शाळेतून घरी येते आणि साडेसहाला तिचा क्लास असतो. मधल्या तासाभरात पोळी-भाजी तिला नको असते. बिस्किटांचा अख्खा पुडा संपवून गेली, तरी क्लास सुटायच्या आत पोटात कावळे ओरडायला लागतात. म्हणून मी घरी केक करायला लागले. मैद्याचा, लोणी-साखरेचा, हलकाफुलका. तो खाऊनही तासाभरात तीच गत.

हा तिचा हट्ट किंवा खादाडपणा नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या अंदाजानुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे २४०० कॅलरी लागतात, मुलाला २८६०. मध्यम कष्ट करणाऱ्या प्रौढ बाईची गरज २१३० आहे. म्हणजे दप्तर टाकून स्वयंपाकघरात शिरणाऱ्या मुलीची भूक आईपेक्षा मोठी असणं अगदी स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की तिच्या हातात काय द्यायचं.

१९९५ साली सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी एक साधा पण फार उपयोगी प्रयोग केला. त्यांनी ३८ पदार्थ घेतले. प्रत्येकाचा वाटा बरोबर २४० कॅलरींचा. लोकांना तो खाऊ घालून पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी विचारलं, पोट किती भरल्यासारखं वाटतंय? पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. उकडलेल्या बटाट्याला मिळाले ३२३, ओट्सच्या लापशीला २०९. केकला? फक्त ६५. सगळ्यात तळाशी क्रोसाँ, म्हणजे लोण्याचा पापुद्रेदार पाव, ४७.

कॅलरी सारख्याच असताना एवढा फरक का? २४० कॅलरींचा उकडलेला बटाटा पाव किलोहून जास्त भरतो, तेवढ्याच कॅलरींचा केक जेमतेम साठ-सत्तर ग्रॅम. ज्या पदार्थाचं वजन जास्त, ज्यात पाणी, प्रथिनं आणि चोथा जास्त, तो पोटाला जास्त वेळ धरून ठेवत होता. स्निग्धांश जितका जास्त तितकं समाधान कमी, हे मात्र मला अनपेक्षित होतं. तूप-लोण्याचं खाणं जड, असं आपण धरून चालतो.

यातल्या पाण्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. मग केकसोबत ग्लासभर पाणी दिलं तर चालेल का? अमेरिकेत पोषणतज्ज्ञ बार्बरा रोल्स यांनी १९९९मध्ये नेमकं हेच तपासलं. जेवणाआधी काही जणींना कोंबडी-भाताचा एक पदार्थ दिला. कधी नुसता, कधी सोबत पाण्याचा ग्लास, आणि कधी तेच पाणी त्यात शिजवून सूप करून. पाण्याचा ग्लास सोबत दिल्यानं काहीच फरक पडला नाही. सूप प्यायल्यावर मात्र पुढच्या जेवणात त्या सुमारे १०० कॅलरी कमी जेवल्या. नुसतं पाणी जठरातून भरभर पुढे सरकतं. अन्नात मुरलेलं पाणी अन्नाबरोबर थांबतं, जठर ताणलेलं राहतं आणि तिथल्या नसा मेंदूला तसा निरोप देत राहतात.

हे वाचलं तेव्हा मला आजोळचं धोंडस आठवलं. कोकणात आणि गोव्यात पिकलेलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसून त्यात रवा, गूळ, ओलं खोबरं घालतात आणि भांड्याच्या झाकणावरही निखारे ठेवून खरपूस भाजतात. काकडीत ९५ टक्के पाणी असतं. भाजलेला रवा ते सगळं पाणी पिऊन फुगतो. मैदा नाही, अंडं नाही, आणि एक जाड वडी खाल्ली की संध्याकाळ निघते. ओव्हन घरात येण्याच्या कितीतरी आधी आमच्या आज्यांना भरीचा केक येत होता. मला तर वाटतं, पोटभरीचा केक करायचा म्हणजे पिठाला पाणी धरून ठेवायला लावायचं.

आता नेहमीच्या केकमध्ये हे कसं बसवायचं? बहुतेक जणी मैद्याच्या जागी तेवढीच कणीक घालतात आणि केक गच्च बसला की कणकेला दोष देतात. कणकेत १०० ग्रॅमला सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो, मैद्यात तीनहूनही कमी. ज्यातून हा चोथा येतो तो कोंडा दोन अडचणी करतो. त्याचे धारदार कण ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचे, पापुद्रे फाडतात, आणि तो पाणी पितो, पण सावकाश. शिवाय दगडी चक्कीत गव्हाच्या स्टार्चचे कण फुटतात, आणि फुटलेला कण अखंड कणापेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतो. मिश्रण लगेच ओव्हनमध्ये गेलं तर हे पाणी पिणं भाजता-भाजता चालू राहतं. केक वरून कोरडा, खाताना भरभरीत.

उपाय आहे वीस मिनिटांचा. कणीक आणि नाचणीचं पीठ दह्यात कालवून नुसतं झाकून ठेवा. सोडा इतक्यात अजिबात घालू नका. कालवलं तेव्हा चमच्यावरून धारेनं पडणारं मिश्रण वीस मिनिटांनी गोळ्यागोळ्यानं पडतं. पाणी कुठे गेलं ते डोळ्यांना दिसतं. मग दोन-तीन चमचे दूध घालून ते पुन्हा सैल करायचं. नाचणीत ग्लुटेन नसतं, म्हणून ती एकूण पिठाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. पण १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि या वयाच्या मुलांना दिवसाला हजार लागतं, त्यामुळे मी ती कधी गाळत नाही.

सोडा अगदी शेवटी. दह्यातल्या आम्लाशी त्याची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड लगेच सुटू लागतो. ते बुडबुडे दहा मिनिटांत निघून जातात, म्हणून मिश्रण थेट तापलेल्या ओव्हनमध्ये जायला हवं. एकदा केक फुगेना म्हणून मी सोडा दुप्पट केला. केक उंच आला, मधोमध खचला, आतून पिवळट-तपकिरी झाला आणि साबणासारखा लागला. मुलीनं एक घास खाऊन बशी बाजूला ठेवली. वाटीभर दह्याला चहाचा अर्धा चमचा सोडा पुरतो. त्याहून जास्त सोड्याला आम्ल मिळत नाही, उष्णतेनं त्याचा सोडियम कार्बोनेट होतो, आणि सोडियम कार्बोनेट म्हणजे आपला धुण्याचा सोडा.

गुळाबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. गूळ घातला की केक पौष्टिक झाला, ही समजूत सोडायला हवी. गूळ मुख्यतः साखरच आहे. मी तो घालते ते चवीसाठी आणि त्यातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजमुळे केक ओलसर राहतो म्हणून. साखर किंवा गूळ एकदम कमी केला तरी फसतं. गोडवा स्टार्चला फुगायला आणि अंड्याला घट्ट व्हायला उशीर लावतो, त्या उशिरात केक वर येतो आणि मऊ राहतो. मी २०० ग्रॅमवरून १२०वर आले आणि उरलेली गोडी काळे ठिपके पडलेल्या दोन केळ्यांवर सोडली. केळं पिकताना त्यातल्या बहुतेक स्टार्चची साखर झालेली असते.

आमच्या घरी आता ठरलेलं माप असं: १३० ग्रॅम कणीक, ६० ग्रॅम नाचणी, वाटीभर म्हणजे २०० ग्रॅम दही, दोन अंडी, दोन केळी, ६० ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, १२० ग्रॅम किसलेला गूळ, पाव वाटी तेल, अर्धा चमचा सोडा, एक चमचा बेकिंग पावडर. १७५ अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. आठ तुकडे केले तर एक तुकडा साधारण १०० ग्रॅमचा होतो. त्यात मी हिशेब केला तर २८० कॅलरी, साडेसहा ग्रॅम प्रथिनं आणि चार ग्रॅम चोथा. तेवढ्याच कॅलरींच्या, मैद्याच्या दोन अंड्यांच्या केकच्या तुकड्यात प्रथिनं साधारण निम्मी आणि चोथा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. अंडं चालत नसेल तर भाजलेलं बेसन चार चमचे आणि थोडं जास्त दही घ्या. केक जरा ठिसूळ होतो, पण बेसनातली प्रथिनं तापल्यावर घट्ट होऊन तो सांभाळतात. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या घरात कुटाच्या जागी भाजलेले तीळ घ्या, पण तिळाचीही अॅलर्जी नाही ना हे आधी पाहा.

एवढं पाणी धरलेला केक पावसाळ्यात ओट्यावर तिसऱ्या दिवशी बुरसतो. फ्रिजमध्ये ठेवला तर गार हवेत स्टार्चचे रेणू पुन्हा जुळून बसतात आणि तुकडा कडक होतो. त्यापेक्षा मी दोन दिवसांपुरता बाहेर ठेवते, बाकीचे तुकडे वेगवेगळे गुंडाळून फ्रीजरमध्ये. फ्रीजरच्या कडक थंडीत ते जुळणं जवळजवळ थांबतं. दुपारी चारला एक तुकडा बाहेर काढून ठेवला की साडेपाचला, दाराची बेल वाजते तेव्हा, तो सकाळीच भाजल्यासारखा मऊ असतो.