जाळीविना आधार: गर्भाशय खाली सरकण्यावरील रोबोटिक शस्त्रक्रिया

‘रोबोटने केले ऑपरेशन’ अशा मथळ्यांमुळे यंत्रच शस्त्र चालवते असा समज होतो. दा विंची या यंत्रणेला अमेरिकेत 2000 साली मान्यता मिळाली, पण आजही प्रत्येक टाका कन्सोलवर, म्हणजे नियंत्रण-मेजावर, बसलेला सर्जनच घालतो. यंत्र त्याच्या हाताचा कंप गाळते आणि त्रिमित दृश्य मोठे करून दाखवते.

अंग बाहेर येण्याच्या व्याधीत, बहुधा बाळंतपणांनंतर आणि वाढत्या वयात, ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू व अस्थिबंध सैल पडून गर्भाशय, मूत्राशय किंवा योनीची भिंत खाली उतरते. उतरलेल्या अवयवांना आधार देण्यासाठी योनीमार्गे कृत्रिम जाळी बसवण्याचा उपाय एकेकाळी लोकप्रिय होता. मात्र जाळी उघडी पडणे व सततच्या वेदना अशा तक्रारी वाढल्या आणि एप्रिल 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या व्याधीसाठीच्या अशा जाळ्यांची विक्री थांबवली. पोटातून बसवायच्या जाळीला तो आदेश लागू नव्हता.

जाळी टाळायची तर आधार रुग्णाच्या शरीरातूनच घ्यावा लागतो. मुंबईच्या डॉ. पुरंदरे यांनी पोटाच्या स्नायूंवरील आवरणाच्या पट्ट्यांनी गर्भाशयाचे मुख वर बांधले होते. दुसरी रीत म्हणजे गर्भाशयाकडून माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीकडे जाणाऱ्या अस्थिबंधांना योनीचा वरचा भाग टाक्यांनी जोडणे. खरी कसोटी येथेच लागते, कारण मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणारी मूत्रवाहिनी या बंधाशेजारूनच जाते: गर्भाशयमुखापाशी अंतर जेमतेम 1 सेंमी, तर त्रिकास्थीपाशी सुमारे 4 सेंमी असते. टाका खाली व बाहेरच्या बाजूला गेला, तर बागेतली नळी मुरगळावी तशी वाहिनी दुमडते, लघवी अडते आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. म्हणून टाके शक्य तितके वर व आतल्या बाजूला घेतात आणि शेवटी मूत्राशयात दुर्बीण घालून दोन्हीकडून लघवी येते ना, हे पाहतात. अरुंद, खोल जागेत रोबोटचे मनगटासारखे वळणारे उपकरण सुईचा कोन साधायला सोयीचे पडते. पोटातून केल्या जाणाऱ्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील नेहमीच्या सरळ अवजारांना ते अवघड जाते.

तरीही हेच टाके योनीमार्गे, रोबोटशिवायही घालता येतात, आणि महागडे यंत्र सैल ऊतींना नवे बळ देत नाही. स्वतःच्या ऊतींवर बेतलेल्या दुरुस्तीनंतर अंग पुन्हा उतरण्याची शक्यता पोटातून बसवलेल्या जाळीपेक्षा अधिक असते. त्या बदल्यात जाळीचे उपद्रव टळतात. त्रास सौम्य असेल तर तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि योनीत बसवायची पेसरीची कडी हे पर्याय शस्त्रक्रियेआधी विचारात घेतले जातात.