फाइल भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडते तेव्हा

आंब्याचा हंगाम सुरू झाला की रत्नागिरीतील आमच्या दुकानात बागायतदारांची एक तक्रार हमखास येते: पेट्यांच्या हिशेबाची सीएसव्ही फाइल कालपर्यंत एक्सेलमध्ये उघडत होती, आज ती नोटपॅडमध्ये उघडते. अशा वेळी फाइल सहसा शाबूत असते. बदललेला असतो तो तिच्या एक्स्टेन्शनचा, म्हणजे नावातील टिंबापुढच्या अक्षरांचा, प्रोग्रॅमशी असलेला संबंध.

विंडोजमध्ये हा संबंध दोन टप्प्यांत नोंदलेला असतो. कमांड प्रॉम्प्टवर, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या विंडोजमधील खिडकीत, असॉक, म्हणजे ए-एस-एस-ओ-सी, ही आज्ञा देऊन त्यापुढे टिंबासह टीएक्सटी लिहिले, की टीएक्सटीफाइल हे त्या प्रकाराचे नाव दिसते. तेच नाव एफटाइप या आज्ञेपुढे लिहिले, की तो प्रकार कोणत्या प्रोग्रॅमकडे सोपवलेला आहे ते कळते. उत्तराच्या शेवटी टक्क्याचे चिन्ह आणि 1 हा आकडा असतो, त्या जागी उघडायच्या फाइलचे नाव बसते. एफटाइपने नवी नोंद करताना ही जोडी दुहेरी अवतरणचिन्हांत घालावी, अन्यथा ‘हापूस हिशेब’ असे मध्ये जागा सोडलेले नाव तुटून प्रोग्रॅम नुसत्या ‘हापूस’चा शोध घेत बसण्याची शक्यता असते.

नोंद पाहण्यास परवानगी लागत नाही. बदलण्यासाठी मात्र कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा लागतो. बदलण्यापूर्वी नुसती असॉक आज्ञा देऊन, पुढे ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह व एखाद्या फाइलचे नाव लिहून, संपूर्ण यादी जतन करावी. एफटाइपची यादीही तशीच ठेवावी. ईएक्सई या एक्स्टेन्शनला हात लावू नये, कारण ती नोंद बिघडल्यास प्रोग्रॅमच सुरू होईनासे होतात.

विंडोजमध्ये प्रत्येक वापरकर्त्याची निवड वेगळी नोंदली जाते आणि तिलाच अग्रक्रम मिळतो, त्यामुळे असॉकने केलेला बदल बिनचूक असूनही दिसत नाही. तेव्हा सेटिंग्जमधील डिफॉल्ट ॲप्समध्ये जाऊन निवड करावी. आमच्या अनुभवात बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. अनेक संगणक असलेल्या हॉटेलांसाठी डिझम, म्हणजे डी-आय-एस-एम, ही आज्ञा एका संगणकावरील निवडी फाइलमध्ये उतरवून दुसऱ्यावर लागू करते, परंतु त्या नव्याने उघडलेल्या खात्यांनाच, पहिल्या लॉगिनच्या वेळी, मिळतात. स्वागतकक्षातील जुन्या खात्यांत हा बदल एकेक करून हातानेच करावा लागतो.